लघुपटातल्या म्हातारीची तहान

जुलैतला दुसरा मंगळवार. सकाळपासून प्रोजेक्टरची वायर शोधत होते. शेवटी ती शिपाईमामांच्या कपाटात, चहाच्या गाळणीखाली सापडली.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. वॉर्डात इतकी माणसं जाताना पाहिली, एकही परत आलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या मुलींना मृत्यू आणि शोक शिकवायला मी दरवर्षी एकच मराठी लघुपट लावते. म्हातारी बेशुद्ध आहे, मुलगा-सून उशाशी बसलेत, ती हळूच जाते. शेवटपर्यंत ओठसुद्धा हलवत नाही. मला शॉट न् शॉट पाठ, म्हणून मी मागे बसून हजेरी भरत होते.

लघुपट संपल्यावर दिवे लावले. मुली रडत होत्या, ते नेहमीचंच. पण यावेळी चिडलेल्याही होत्या...

"मॅडम, तिला पाणी का नाही दिलं?" नांदगावची तेजल म्हणाली. "केवढी मागत होती!"

"कोण?"

"म्हातारी! सून चमचा घेऊन आली, तर मुलगा म्हणतो, नको, बेबीनं देऊ नका सांगितलंय."

"आणि म्हातारी म्हणते, बेबीला बोलवा, ती पाजेल," मागून दुसरी.

"ती बेबी तर आलीच नाही. हलकट कुठली!" तेजल म्हणाली. नाकं पुसत पुसत वर्ग हसला.

बेबी म्हणजे मी. घरातलं नाव – कॉलेजात कोणालाच माहीत नाही. आई मार्चमध्ये वारली, घोटीला, भावाच्या घरी. मी परीक्षेच्या ड्यूटीवर होते. भाऊ म्हणाला होता, "झोपेतच गेली, कळलंसुद्धा नाही."

मुलींना बाहेर काढलं. लघुपट पुन्हा लावला, दोनदा. म्हातारी गप्प. चमचा कुठेच नाही.

व्हरांड्यातून वहिनीला फोन केला.

"वहिनी, आईनं शेवटी पाणी मागितलं होतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कोण बोललं? हे बोलले का?"

"मागितलं का ते सांगा."

"लय मागितलं, बेबीताई. दुपारपासून. मी चमचा नेला की हे हातच धरायचे. तुम्हीच ना फोनवर सांगितलं, घशात अडकंल, थेंबभर पण देऊ नका... तुम्ही नर्सबाई, तुमचा शब्द कोण मोडणार?" मग हळूच, "आत्याबाई म्हणायच्या, बेबीला बोलवा, ती पाजंल. आमच्यावर भरवसाच नाय राहिला त्यांचा."

सल्ला बरोबर होता. गिळता न येणाऱ्या पेशंटला पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं. मी आजही तेच सांगेन.

अख्ख्या वर्गाला दिसलं ते मला एकटीला दिसलं नाही. घोटीत तेजलच्या ओळखीचं कोणी नाही, तेही विचारून घेतलं. कुणाला काही सुचलं तर सांगा – आत्म्याबित्म्याचं नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच तासाला बेशुद्ध पेशंटच्या तोंडाची निगा शिकवायला घेतली. पाणी पाजायचं नाही. कापूस ओला करून ओठांवरून, जिभेवरून फिरवत राहायचा.

"मॅडम, घरच्यांना फोनवर सांगायचं असेल तर?" तेजलनं विचारलं.

"दोन्ही वाक्यं सांगायची," मी म्हणाले. "पहिलं सांगून फोन ठेवायचा नाही."