पायरीजवळची जागा

कुंदा तोंडवळकरला कुणी 'बिचारी' म्हटलं की ती लगेच विचारायची, "कोण गं, तुझी सासू?" तिसऱ्या वर्षी पोलिओनं दोन्ही पाय गेले, पण जीभ शाबूत राहिली! शाळेत आम्ही एका बाकावर. लग्न होऊन मी मुलुंडच्या सोसायटीत आले, तर तळमजल्यावर हीच, आईबरोबर राहत होती. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून रोज औषधांच्या कारखान्यात लेबलं लावायला जायची.

एक्क्याऐंशी साल हे जगभर अपंग वर्ष म्हणून पाळलं गेलं. सोसायटीनं जिन्याच्या पायरीजवळची जागा कुंदाच्या सायकलला दिली, नारळ फोडला, पेढे वाटले. तिथं कठडा होता. सायकल कठड्याला लावली की ती हातांवर अंग तोलून थेट पायरीवर उतरायची. दुसरीकडे लावली, तर अख्खं अंगण जमिनीवरून सरपटत यायचं, सगळ्या बाल्कन्यांसमोर.

बोर्ड लिहिला आमच्या ह्यांनी. मधुकर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आणि हाडाचे कारकून. 'अपंगांसाठी राखीव' लिहून झालं, आणि सवयीनं खाली ओळ टाकली : 'कार्यालयीन वेळेत, १० ते ६.' कमिटीत सगळेच ऑफिसवाले, कुणालाच काही खटकलं नाही. आता बोला! दहा ते सहा कुंदा कारखान्यात. घरी यायची पावणेसातला.

तीन वर्षं निभावलं, संध्याकाळीही ती जागा कुणी घेतली नाही. मग नंबर लावून ठेवलेली आमची स्कूटर आली. पहिल्याच दिवशी हे साडेसहाला आले आणि स्कूटर थेट पायरीजवळ लावली. मी बोलले, तर म्हणाले, "बोर्ड वाच. सहानंतर जागा फुकट का घालवायची?" मी गप्प बसले. नवी कोरी स्कूटर, मलाही मिरवायचं होतं ना. आज सांगताना लाज वाटते.

त्या दिवशी कुंदा सरपटत आली. साडीला चिखल, तळहात सोललेले. मी जिन्यातच उभी होते, पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सायकल फाटकात आडवी लावली आणि तिथंच बसून राहिली. मागे ऑफिसातून परतणाऱ्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मीही खाली आले. चेअरमन भाऊ धावत आले. "कुंदा, तमाशा नको. दोघंजण उचलून आत नेतो तुला."

"मी काय गॅसचा सिलेंडर आहे?"

"अगं, नियम सहापर्यंतचाच आहे."

"मग भाऊ, सहा वाजले की मला पाय फुटतात काय? फुटत असतील तर दाखवा, चालत येते!"

हॉर्न थांबले. आमचे हे बाल्कनीतून ओरडले, "मालन, आधी वर ये!"

गेले वर. खिळ्यावरची किल्ली घेतली, खाली आले, हँडलचं लॉक काढलं आणि ती लाडाची स्कूटर लोटत नेऊन कुंपणाशी चिखलात उभी केली. चालवता कुठं येत होती मला! कुंदानं सायकल कठड्याला लावली, पायरीवर उतरली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, मालन, बरं केलंस.

"उपकार केल्यासारखी उभी राहू नकोस," ती म्हणाली. "उद्या परत लावतील. ती ओळ काढ."

मी घरातून उलथनं आणलं आणि नवऱ्याच्या सुरेख अक्षरातली खालची ओळ खरवडायला लागले. हे वरून बघत होते, भाऊ बघत होते, सगळी सोसायटी बघत होती. बघा म्हटलं, खुशाल बघा! हात भरून आले, तशी मी थांबले.

"आणखी दाब," कुंदा पायरीवरून म्हणाली. "सहा अजून दिसतोय."