इथे क्वायरने गप्प राहायचं

लोक खात-पीत असताना देवाचं गाणं म्हणायला माझी ना नाही, हे आधीच सांगते. आमच्या नगरच्या चर्चमागे नाताळात एकीकडे करंज्या तळल्या जायच्या आणि दुसरीकडे टाळ-पेटीवर भजनं चालायची. तेव्हा मी काही सोवळ्यातली बाई नाही. पण इथे मँचेस्टरमध्ये त्या रविवारी जे झालं, त्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि जाऊही नये.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. रविवारी ज्या चर्चला जाते ते एका जुन्या कार्पेटच्या गोडाऊनमध्ये भरतं आणि तिथली बहुतेक माणसं जमैकाकडची. पहिल्यांदा गेले ती केवळ ट्रामने सरळ जाता येतं म्हणून. राहिले ती त्यांच्या गॉस्पेलसाठी, त्या टाळ्यांवर अंग झोकून गायच्या येशूच्या गाण्यांसाठी. क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकांच्या ताफ्यात, बायकांच्या खालच्या सुरात, मागच्या रांगेत उभी असते. नवरा चिडवतो, "तू प्रार्थनेला जातेस की तालमीला?" दोन्हीला जाते, बाबा.

या चर्चची एक रीत आहे. कुणाच्या घरचं माणूस गेलं, की दफनानंतरच्या पहिल्या रविवारी घरातल्या कुणीतरी पुढे उभं राहून एक गाणं म्हणायचं. गळा असो नसो. म्हणता म्हणता रडू येऊन आवाज फुटतोच. फुटला की तिथूनच ती ओळ क्वायर उचलते आणि ते माणूस सावरेपर्यंत फिरवत ठेवते. कितीही वेळ लागो, घड्याळाकडे कुणी बघत नाही. माझे वडील गेले तेव्हा मीही उभी राहिले होते. मराठीत म्हणत होते आणि दुसऱ्याच ओळीला कोसळले. ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांनी नुसत्या हुंकारावर माझी चाल उचलून धरली. सगळ्यात आधी आवाज आला तो मदरचा.

तिथे वयस्कर बायकांना मदर म्हणतात. या मदर म्हणजे क्वायरमधल्या सगळ्यात जुन्या, तोंडाने तिखट. माझ्या हातच्या पुऱ्या खाऊन "मीठ विसरलीस" म्हणणाऱ्या. यंदा त्यांचे यजमान गेले. आणि मदरचा रविवार आला तो नेमका बुकिंगच्या दिवशी.

पैसे घेऊन क्वायरने बाहेर गायचं, हे बुकिंगचं खूळ नवीन. आधी लग्नं झाली, मग ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या, आणि आता गॉस्पेल ब्रंच. एका जुन्या कापडगिरणीचा हॉल. लोकांनी तिकीट काढून यायचं, अंडी खायची, हवी तेवढी वाइन ढोसायची आणि तोंडी लावायला आम्ही. शिवाय येशूचं नाव जरा बेताने घ्या, अशी सूचना. म्हणजे वरणभात वाढा, फक्त त्यात भात नको! पास्टरांचं म्हणणं, हे ऐकून चार माणसं चर्चला येतील. अजून एकही फिरकलेलं नाही.

मदरचा रविवार पुढे ढकलू या, असं आमच्यातल्या काहींनी म्हटलं. क्वायर बसवणारा आमचा मास्टर म्हणाला, कशाला, मदरनी तिथेच गावं, क्वायर तर तिथे असणारच आहे. मदर म्हणाल्या, "देव काय गिरणीत येत नाही?" आणि तयार झाल्या. त्यांचा आमच्यावर विश्वास होता, बाकी जागा कुठलीही असो.

शुक्रवारी तालीम झाली. ब्रंच भरवणाऱ्या कंपनीच्या एक बाई कानाला हेडसेट लावून समोर बसल्या होत्या. मदर गायला लागल्या, तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फुटला आणि आम्ही ओळ उचलली. बाईंचे डोळे चमकले. गाणं संपवून मदर क्वायरचा मापाचा झगा बघायला आत गेल्या, तशा बाई मास्टरला म्हणाल्या, तो आवाज फुटतो ना, तो क्षण फार सुंदर आहे. तुम्ही मध्येच गाऊन तो झाकून टाकता.

"इथे क्वायरने गप्प राहायचं. लोकांना तो क्षण मिळू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षण? अहो, ती बाई रडतेय! मी बोलले. तोंड बंद ठेवणं मला जमत नाही, आमच्या घराण्यातच नाही ते. मास्टरने मला बाजूला घेऊन समजावलं, एकदाच आहे, मदरना मी सांगतो. त्याने सांगितलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला खरंच वाटलं होतं, आयत्या वेळी आम्हाला थांबवायला त्याचा हात वर राहणार नाही.

रविवारी हॉल भरलेला. मदर पुढे आल्या. टेबलावरची बडबड थांबली. तिसऱ्या ओळीला आवाज फुटला, आणि नेहमीप्रमाणे त्यांनी मान किंचित मागे वळवली, आमच्याकडे. मास्टरचा तळवा आमच्यासमोर उभा. सगळे गप्प. कुणाचा तरी काटा बशीवर वाजला. मग एकेक फोन वर आला. मदरचे ओठ हलत होते, त्यातून काही निघत नव्हतं, आणि समोरची माणसं चक्क टाळ्या वाजवायला लागली. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे गाण्यातलं कौशल्य नव्हे.

मी गायले. एकटीच्या खालच्या सुरात ती चाल धड ओळखूही येत नव्हती, पण गायले. मग शेजारणीने धरली, मग आमची अख्खी रांग. मास्टरचा हात तसाच वर. दोनतीनदा ओळ फिरली आणि मदरनी ती परत हातात घेतली.

गाणं संपल्यावर मागच्या खोलीत हेडसेटवाल्या बाई तणतणत आल्या. व्हिडिओ वाया गेला म्हणे. तिथे शांतता ठरली होती, मग मागच्या रांगेतून कोण ओरडलं? मी म्हटलं, मी. पण त्यांच्याकडे आता बघतंय कोण? मदर खुर्चीतून उठल्या होत्या.

"ठरली होती?" त्यांनी मास्टरला विचारलं.

"मला वाटलं, माझंच काही चुकलं," मदर म्हणाल्या. "मला वाटलं, मी इतका वेळ लावला की तुम्ही सगळे दमलात."

मला रडू फुटलं, रागाने. आजवर कितीजणांना या बाईने उचलून धरलंय, आणि तिथे उभं राहून ती स्वतःलाच दोष देत होती. पास्टर पुढे होऊन म्हणाले, झालं गेलं, देवाने गाणं पार पाडलं ना.

मदरनी झगा उतरवून खुर्चीवर टाकला. म्हणाल्या, "माझा रविवार अजून झालेला नाही. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गाणार आहे. माझ्यामागे कोण उभं राहणार ते आत्ता सांगा."

पुढच्या रविवारीही बुकिंग होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, मदरनाही. मी हात वर केला, आमच्या रांगेतले सगळे हात वर झाले. बाकीचे मास्टरकडे बघत राहिले.