दंडावरच्या बलिया

आमच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलामागे दोन खुर्च्या असतात. एक माझी, कारण मी इन्चार्ज सिस्टर. दुसरी मावशीची. मावशी म्हणजे वॉर्डात झाडलोट करणारी, पेशंटचं स्ट्रेचर ढकलणारी बाई. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, पण या कामाला लागलेली बाई पहिल्या दिवसापासून सगळ्या दवाखान्याची मावशीच होते. नवीन आलेले डॉक्टर त्या खुर्चीकडे बघतात आणि ही इथे कशाला, असं विचारतात. मी सांगते, ती नसली की माझं काम अडतं. असं सांगायला मला आवडतं. पण ती खुर्ची मी चांगुलपणानं मांडली असं कोणी समजू नये. माझ्या हातून एक घोडचूक झाली, तिच्यापायी ती तिथे आली.

मी बाभुळगावकडची, कापूस-तूर पिकवणाऱ्या घरातली. आवाज पहिल्यापासून मोठा. नवरा म्हणतो, तू घरात बोलली तरी वावरातले पाखरं उडते. नोकरीत या आवाजाचा मला फार उपयोग झाला. शिस्त म्हणजे शिस्त, हा माझा खाक्या. डोळ्यांची ऑपरेशनं सुरू झाली तेव्हा दाराबाहेरची पाटी मीच लिहून घेतली होती: ऑपरेशनला येताना अंगावरचे सर्व दागिने काढून यावे. तिच्याखाली माझ्या हस्ताक्षरात आणखी एक ओळ होती: कारणे सांगू नयेत.

फुलसावंगीच्या रस्त्यावरच्या एका तांड्यातून ती आजी आली, ती अशाच एका ऑपरेशनच्या दिवशी. सोबत सून आणि म्हातारा नवरा. आजी जुन्या वळणाची बंजारा बाई. आरशांनी भरलेला घेरदार घागरा, कानांजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या, आणि दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची चळत. त्यांना बलिया म्हणतात, हे मला नंतर कळलं. एक डोळा कधीच गेलेला होता. दुसऱ्यावर पिकलेला मोतीबिंदू. सून सांगत होती की सासूला आता चुलीतला विस्तव पायाला लागल्यावरच समजतो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आता आणखी थांबलं तर हाही डोळा हातचा जाईल.

ऑपरेशनआधी बीपी बघायचं असतं. मी पट्टा घेऊन गेले, तर तो बांधायला दंडावर दोन बोटं जागा नव्हती.

"आजी, हे काढा."

आजीनं हात मागे घेतला.

"आजी, पाटी नाही वाचली का? सगळं काढून यायचं होतं."

पाटी तिला कोणत्याच डोळ्यानं दिसत नव्हती, आणि दिसती तरी वाचता आली नसती. हे मला आज सुचतं. तेव्हा माझ्यामागे अकरा पेशंट रांगेत होते आणि डॉक्टर हात धुऊन तयार होते. सून हळूच म्हणाली, "ते नाही निंगत बाई." मला वाटलं, घट्ट झाल्या असतील. मी साबणाचं पाणी मागवलं. तरी हात पुढे येईना, तेव्हा मी कात्री मागितली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बांगड्या पायजे का डोळा पायजे, ते ठरवून घ्या."

आजीनं ठरवलं. ती उठली, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि चाचपडत जिना उतरून गेली. मी तिच्या नावापुढे 'नकार' असा शेरा मारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझं काही चुकलं असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही.

दुपारी जेवताना मी बाकीच्या सिस्टरांना ही गोष्ट मीठमिरची लावून सांगत होते. या लोकांना डोळ्यापेक्षा दागिना प्यारा, वगैरे. मावशी कोपऱ्यात डबे धूत होती. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"तिचा मानूस जित्ता हाय ना, सिस्टर."

"मग?"

"मंग ते बलिया कशी उतरवन? मानूस मेल्यावर उतरवतेत ते. तुमी तं कात्री मांगतली. तो म्हातारा भायेर बाकड्यावर बसून होता."

माझा घास हातातच राहिला. मी तिला विचारलं, तुला हे कसं माहीत. ती म्हणाली, "मी तांड्यातलीच हाव नं." चार वर्षं ती माझ्या हाताखाली होती. साडी नेसायची, आमच्यासारखी बोलायची, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"मग तेव्हा बोलली काहून नाही?" मी चिडूनच विचारलं. चूक आपली असली की मला आधी राग येतो.

"तवा मी पोछा मारून राह्यलती. मले कोन इचारलं? आन तुमीच म्हनलं होतं मांगं."

"काय म्हणलं होतं?"

"मी एका बाईसंगं आमच्या बोलीत बोलली होती. तुमी म्हनलं, दवाखान्यात हे नाही चालत, सायबाले समजते असं बोल."

मी म्हणाले असेन. मला आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं, आवाजासकट. मला फार लाज वाटली. मी डबा तसाच झाकला आणि डॉक्टरांकडे गेले. ते वयानं माझ्या भावाएवढे, शांत गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, "सिस्टर, डोळा कुठे, दंड कुठे? बीपी पायावर घेता येतं. आकडा थोडा जास्त येतो, ते मी धरून चालेन. पण ती बाई आता परत येईल का?"

तोच तर प्रश्न होता. रविवारी सुट्टीच्या दिवशी मी मावशीच्या स्कूटीवर मागे बसले आणि तांड्यावर गेले. आजी दारात बसली होती. माझा आवाज ऐकताच तिनं तोंड फिरवलं. मावशी तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "याडी." एवढा एक शब्द मला समजला, याडी म्हणजे आई. पुढचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. बायका जमल्या, माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, हसल्या. मी खाटेवर मुक्यासारखी बसून होते आणि कोणी मराठीत बोलेल का म्हणून एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. आमच्या बाकड्यावर पेशंट असेच बसतात.

शेवटी म्हाताऱ्यानं मला चहा दिला आणि विचारलं, "काहून सिस्टर, मी मेलो असं तुमच्या कागदावर आलं होतं का?"

सगळा तांडा हसला. मीही हसले, पण मान वर होत नव्हती. मग मी आजीजवळ जाऊन म्हणाले, "आजी, माझं चुकलं. बलिया राहू द्या. कोणी हात नाही लावणार." मावशीनं ते तिच्या बोलीत सांगितलं. माझ्या एका ओळीला तिनं चांगली पाच मिनिटं घेतली. आजीनं एकच प्रश्न विचारला, मावशीनं तो मला मराठीत सांगितला. मावशी आत येईल का, ऑपरेशनच्या खोलीत?

येईल, मी म्हणाले. त्या खोलीत फक्त फरशी पुसायला जायचं, हा मावशीसाठी नियम होता. तोही मीच केलेला.

पुढच्या खेपेला आजी आली. पट्टा पोटरीवर बांधला, पायातले वाळे खाली सरकवून. दंडावरच्या बलियांवर मी स्वतः स्वच्छ बँडेज गुंडाळलं. अडचण घुगऱ्यांची होती, कारण त्या अगदी डोळ्याशेजारी लोंबत होत्या आणि डॉक्टर त्यांना तसं सोडायला तयार नव्हते. त्याही नवऱ्याच्या नावाच्याच. मावशीनं आजीच्या कानात काहीतरी सांगितलं, मग त्या न सोडता मागे वळवल्या, फडक्यानं बांधल्या आणि वरून टोपी चढवली. मी शिकून घेतलं. आता मलाही ते जमतं, पण मावशी म्हणते, तुमचा हात जड हाय. ऑपरेशनभर ती आजीचा तळवा धरून उभी होती आणि डॉक्टर जे सांगत ते हळूहळू तिच्या बोलीत सांगत होती. आजी एकदाही हलली नाही.

त्यानंतर मावशीची खुर्ची आली. पाटीवरची माझी खालची ओळ मी ओल्या फडक्यानं पुसली. यंदा आमच्याकडे एक नवीन सिस्टर आली आहे, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीतली. कोलामी बोलणारे पेशंट आले की ती पुढे आणि आम्ही दोघी मागे. मला आता दवाखान्यात तीन बोली ऐकू येतात आणि सकाळी ड्युटीवर यायला आनंद वाटतो.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आजीच्या डोळ्यावरची पट्टी मी सोडली. तिनं पापण्यांची उघडझाप केली. आधी मावशीकडे बघितलं, तिच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली. मी वाकले होते, माझं तोंड तिच्या तोंडासमोर होतं. ती बराच वेळ निरखत राहिली, आणि मग तिनं हात पुढे करून माझ्या गणवेशाच्या गळ्यातून बाहेर आलेलं मंगळसूत्र दोन बोटांत धरलं.

"काल त्या खोलीत तू बी होती न?" तिनं मराठीत विचारलं. चांगलं स्वच्छ मराठी. तिला ते येत होतं, माझ्याशी बोलायचं नव्हतं इतकंच.

"होती."

"मंग हे काहून नाही काढलं?"

मला एकदम माझं सिझर आठवलं. ऑपरेशनआधी तिथल्या सिस्टरनं माझं मंगळसूत्र कापसात गुंडाळून चिकटपट्टीनं गळ्याला चिकटवलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं, तिनं काही विचारलं नव्हतं. नियम तिथेही होताच. ती माझ्यासारख्याच घरातली होती, एवढंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"मलेबी मानूस हाय, आजी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"मंग तुले तं समजाले पायजे होतं," आजी म्हणाली आणि मंगळसूत्र सोडून दिलं.

मी औषधाची बाटली उघडली. थेंब टाकायचे होते, त्यासाठी तिला वर बघायला सांगायचं होतं. मी मावशीला विचारलं, वर बघा याला तुमच्यात काय म्हणतात. तिनं सांगितलं. मी ते म्हणाले, जसं आलं तसं, आणि आजीनं वर बघितलं.