माळावरची छावणी

“म्या एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा कुणी इचारत न्हाई,” मकबूल एकदा म्हणाला होता. त्यात बढाई नव्हती. चाकूरच्या आसपास कुणी मेलं, कुणाची म्हैस हरवली की ते त्याच्या रिक्षावरच्या भोंग्यातूनच गावाला कळायचं. त्याच्या आवाजावर माणसं हातचं काम टाकून मातीला जायची.

यंदाची विधानसभा एका माळाभोवती फिरत होती. परदेशी फौजेला तिथं तळ द्यायचा की नाही? एक उमेदवार नको म्हणत होता. दुसरा म्हणत होता, तळ आला की रस्ते होतील, पोरांना कामं मिळतील. मकबूलचा भोंगा या दुसऱ्यानं लावला. वाचायला दिलेल्या कागदावर ‘लष्करी तळ’ असं होतं. मकबूलला वाटलं, म्हातारी माणसं याला पाण्याचं तळं समजतील. त्याचा आजा निजामाच्या रिसाल्यात घोडेस्वार होता आणि फौज उतरते त्या जागेला घरात छावणीच म्हणत. त्यानं आपल्या मनानं शब्द बदलला. माळावर छावणी येणार, असं तो गावोगाव सांगत फिरला.

पाऊस अर्ध्यातच गेलेला. कडबा संपत आलेला. सभांना गर्दी व्हायला लागली, हात वर व्हायला लागले, आणि ती आपल्या आवाजाची करामत म्हणून मकबूल मनात सुखावला.

मग चहावाल्या शिवलिंगनं हसत हसत सांगितलं, की केवळाबाईनं उदगीरच्या बाजारात विकायला निघालेली बैलजोडी भोंगा ऐकून अर्ध्या वाटेतून माघारी आणली. दुष्काळात गुरांसाठी उघडतात त्या छावणीत चारा फुकट असतो म्हणाली. “आता फौजी बैलं राखत्यात का, मकबूलभाई?”

चहा तसाच ठेवून मकबूल प्रचाराच्या कचेरीत गेला. तिथला कारभार गुरुपादप्पा बघायचा. मकबूल म्हणाला, सांजंला प्रचार थांबायच्या आत एक फेरी मारून नीट सांगून येतो. गुरुपादप्पाला सगळं आधीच ठाऊक होतं.

“छावणीच म्हणलास न्हवं? मग खोटं काय हाय त्यात?” तो पान जुळवत म्हणाला. “आन आता शब्द फिरवलास तर लोक तुला इचारतील, कुणी फितवलं म्हणून. तुझं नाव मकबूल हाय, ध्यानात ठेव.”

एवढ्यात केवळाबाई दारात आली. हातात रिकामं दावं होतं.

“मकबूल, बाबा, बैलं कवा आणू? एक तर उठंना झालंय.”

गुरुपादप्पानं माइक त्याच्याकडं सरकवला. “सांग की. तुझंच ऐकून आलीय बाई.”

मकबूलनं माइक उचलला. त्याला गुरुपादप्पा दिसत नव्हता. त्याला दावं दिसत होतं, मधोमध घासून गुळगुळीत झालेलं. बाई त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती, दुसऱ्यांदा न विचारता.

त्यानं माइक टेबलावर पालथा ठेवला. केवळाबाई जरा बाजूला सरली. तिच्या जवळून, भोंग्याच्या रिक्षाकडं न बघता, तो बाहेर निघून गेला.