धुळाची अर्धी ओवी

बातमी आली तेव्हा मी सूसला, आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोर, टँकरवाल्याला बिबट्याची गोष्ट सांगत होतो. धुळाची ओवी ऐकायला मुळशीच्या डोंगरातला बिबट्या मेंढरांकडे पाठ करून तासभर बसला होता, ही ती गोष्ट. मी ती इतक्यांदा सांगितलीय, की आता मला त्याच्या मिशासुद्धा आठवतात. मध्येच गावातून फोन आला. सीमेवर तोफगोळा पडला, धुळा गेला... टँकरवाला म्हणाला, "मग फुडं काय झालं?"

धुळा मेंढपाळाचा पोरगा, शाळेत माझ्याच बाकावरचा. पुढे फौजी झाला, पण कवी त्याच्या कितीतरी आधीपासून. कागदाला त्याने कधी त्रास दिला नाही; मेंढरांमागे चालता चालता ओव्या जुळायच्या. एकजण पुढे गातो, दुसरा मागून तीच ओळ लांबवत धरतो, ती झील. त्याची झील मी. माझ्या आवाजाने धरणाचं पाणी वीतभर चढतं असं मी सांगायचो. धुळा म्हणायचा, मासे तेवढे पलीकडच्या काठाला पळतात.

त्यांच्या घरात एक रीत. लांब निघालेल्याने ओवी अर्धी ठेवायची, शेवटची ओळ परत येऊन उंबऱ्यात गायची. मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर राहिलेले आबा, म्हणजे त्याचे वडील, दरवेळी असेच परतले. धुळाही सुट्टीवर आला की पाठीवरची पिशवी उतरवायच्या आत उरलेली ओळ गायचा. मी त्याला हसायचो. शेवटच्या खेपेला त्याने ठेवलेली ओवी अशी होती:

मेंढरं वळली घराला,
दिवस टेकला डोंगराला,
कुत्रं भुंकतं वाटेला,
कोन राहिलं माळाला...

यात्रेत ओव्यांची स्पर्धा ठरली. तोवर सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या, गावात जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. आणि मी गावच्या पारापासून बावधनपर्यंत सांगून मोकळा, की पहिला नंबर आमचाच, ओवी तयार आहे. एका दुपारी त्याचा फोन लागला. मागे काहीतरी दडदडत होतं. ट्रक आहे, म्हणाला. मी शेवट मागितला, तर घरी आल्यावर सांगतो म्हणाला. मी ऐकतो कुठला!

"आरं, अर्धी ओवी घेत्यात व्हय स्पर्धेला? माजं नाक जातंय हितं."

मग तो हलकेच ती ओळ म्हणाला. आणि म्हणाला, "आता घराकडं काय ठेवलंच न्हाई बग, दत्त्या."

मी हसलो. चौथ्या दिवशी सूसला तो फोन आला.

तेराव्यानंतर आबांनी मला जवळ बसवलं. शेवट सांगितला होता का, एवढंच विचारलं. जन्मभर थापा मारल्या, पण इतकं सरळ तोंड कधी केलं नव्हतं.

"न्हाई, आबा."

"मग पोरानं रीत मोडली न्हाई," आबा म्हणाले.

याला महिना होऊन गेला. स्पर्धेला मी गेलो नाही. ती ओळ इथेही लिहीत नाही. गावातल्या वाचकांनी एवढं करावं, हा लेख आबांना वाचून दाखवू नये. ते रोज दिवस मावळताना मेंढवाड्याच्या तोंडाशी घोंगडीवर बसतात, ओवी धरतात, आणि चौथ्या ओळीला माझ्याकडे बघतात. मी झील धरतो. कोन राहिलं माळाला... दम संपेपर्यंत तीच ओळ ओढत राहतो. सोडली, तर पुढची तोंडातून निघून जाईल.