हाऊ मच पोळी

"हाऊ मच पोळी यू वाँट?"

एवढंच विचारलं मी, आणि सगळं टेबल हसायला लागलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात. हातात लाटणं, मागे तव्यावर पोळी. कोथरूडच्या त्या घरात पोळ्या करता करता माझे केस पिकले. त्या दिवशी वहिनींची बहीण परदेशातून आली होती, मुलांना घेऊन. मुलांना मराठी येत नाही. आणि त्या घरात पोळी तव्यावरून थेट पानात लागते, म्हणून कुणाला किती हवी ते आधी विचारावं लागतं. मला वाटलं, पोरांना आपणच विचारावं. मध्ये दुसरं कुणी कशाला?

म्हणून सईला म्हटलं होतं, मला शिकव. सई म्हणजे वहिनींची लेक. आता कॉलेजात जाते, पण लहानपणी ताप आला की माझ्याच मांडीवर झोपायची. तिने शिकवलं. येरवड्याहून येताना बसमध्ये मी तेच पुटपुटत यायची. शेजारच्या बाईने विचारलं, जप करता का? म्हटलं, हो बाई, पोळ्यांचा.

आता तीच सई मोबाइल धरून माझा व्हिडिओ काढत होती. पाहुण्यांना म्हणाली, "मीच मुद्दाम चुकीचं शिकवलं. पोळ्या मोजता येतात ना, तिथे हाऊ मेनी." मग मला, "मावशी, परत एकदा म्हणा ना."

आणि मी म्हटलं. परत म्हटलं. सांगितलं की करायचं, अंगवळणी पडलेलं असतं हो. पाहुण्यांची धाकटी तेवढी हसली नाही. तिने दोन बोटं वर केली. दोन पोळ्या. तिला कळलं होतं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, की पोळी करपतेय.

पुढच्या रविवारी दुसरे पाहुणे. वहिनींनी बाहेर बोलावलं. "मावशी, ते इंग्रजी म्हणून दाखवा जरा."

मी गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच बाहेर आले.

"नाही म्हणणार."

"अहो, गंमत असते ती. एवढं काय मनाला लावून घेता?"

"गंमत तुमची, वहिनी. तोंड माझं आहे."

सई तिथेच बसलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. वाटलं, एक शब्द बोलेल. नुसतं 'आई, राहू दे' म्हणाली असती तरी मी परत आत जाऊन पोळ्या लाटल्या असत्या. खरं सांगते. तिने मोबाइलमधून मान वर केली नाही.

कणीक झाकून ठेवली. चपला घातल्या. जिना उतरले, ती परत त्या घरी गेले नाही.

मूल आपलं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. रोज आठवते ती. भाजीत मीठ टाकताना आठवते.

इंग्रजी सोडलेलं नाही मी. चुकेन. चुकीचं बोलेन, मोठ्याने बोलेन. पण मला काही विचारायचं असेल तेव्हाच. कुणाला हसवायला म्हणून यापुढे एक शब्द नाही.

सईने म्हटलं तरी नाही.