ज्योत्स्नाचं घरगुती अ‍ॅप

पवनानगरच्या ज्योत्स्नाने एके दिवशी सख्ख्या सासूला लोणावळ्यात विसरून घर गाठलं. डोळ्यांच्या दवाखान्यात सरूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तासभर डोळे मिटून बसायचं होतं. तेवढ्यात भाजी घ्यावी, नवऱ्याच्या बुटाला शिलाई मारून घ्यावी म्हणून ही बाहेर पडली आणि कामं उरकल्याच्या खुशीत स्कूटर थेट घराकडे वळवली. घरी दोन कप चहा गाळला. दुसरा कप द्यायला गेली तर कॉट रिकामी.

धावतपळत परत गेली तेव्हा सरूबाई बाकावर तशाच बसलेल्या होत्या. "आलीस व्हय," एवढंच म्हणाल्या. घरी मुलाला, गोरखला, त्यांनी चकार शब्द सांगितला नाही. हिनेही नाही.

पण ज्योत्स्नाची त्या दिवसापासून झोप उडाली. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग किल्ल्या सापडेनात, आणि शेवटी आईने तिलाच विचारलं, बाई, तुम्ही कोणाच्या? आता आपली पाळी, हे ज्योत्स्नाने मनाशी धरलं, आणि ते कोणाला सांगायची तिला भीती वाटत होती.

तुंगार्लीत बंगल्यांची देखभाल करणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरीला. कुठल्या बंगल्याची टाकी कधी धुवायची, हे तिथला कॉम्प्युटर आठवणीने सांगतो. तसंच आपल्या घरापुरतं करावं, असं तिने ठरवलं. फोनवर उघडणारं साधं वेब अ‍ॅप. विकायचं नाही, मिरवायचं नाही, डोकं दगा देईल तेव्हा हाताशी असावं इतकंच. व्हिडिओ बघत बघत ती शिकली. गोरखला म्हणाली, हौस म्हणून करतेय. नवरे अशा गोष्टींवर चटकन विश्वास ठेवतात.

रविवारी दुपारी ती आराखडा मांडून बसली. शेजारी सरूबाई वाल सोलत होत्या. काय चाललंय ते वाचून दाखव, म्हणाल्या. ज्योत्स्ना वाचू लागली. काम, वार आणि कोण करणार. गोळ्या आणणं, ज्योत्स्ना. पाण्याची मोटर, ज्योत्स्ना. डबा, ज्योत्स्ना. गॅस, लग्नाची आमंत्रणं, दवाखाना, सगळीकडे ज्योत्स्नाच. वाचता वाचता तिची तिलाच धाप लागली.

सरूबाईंनी सोललेले वाल बाजूला सारले.

"ह्या गोरखला म्या कामशेतच्या बाजारात इसरून आलते, ठावं हाय?"

गोरखने पेपरातून मान वर काढली. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे प्रथमच कळत होतं. तो तेव्हा चार वर्षांचा. त्याला एका कासारणीजवळ बसवून सरूबाईंनी अंडी विकली, मीठमिरची घेतली, आणि पाटी डोक्यावर घेऊन निम्मी वाट चालून आल्यावर त्यांना पोर आठवलं.

"तवा काय मला येड लागलं न्हवतं. लय काम हुतं, डोस्कं भरलं हुतं. तुजंबी भरलंय, पोरी. दुसरं काय न्हाई."

मग ज्योत्स्नाने सगळं सांगून टाकलं. दवाखाना, दुसरा चहाचा कप, आई. सांगताना ती रडली आणि रडता रडता हसलीही, कारण गोरखचा चेहरा अजून बाजारात राहिलेल्या पोरासारखाच होता. पुढच्या आठवड्यात तिने डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी तपासून तेच सांगितलं, फक्त जरा शुद्ध भाषेत. कित्येक दिवसांनी ती गाढ झोपली.

आराखडा मात्र नव्याने झाला. मोटर आणि गोळ्या गोरखने आपल्या नावावर घेतल्या. माझं नाव कुठं आहे, म्हणून सरूबाई अडून बसल्या. त्यांचंही एक काम गोरखने त्यांच्या फोनवर टाकून दिलं. कुठलं, ते दोघांनी ज्योत्स्नाला सांगितलं नाही.

महिन्याने पुन्हा दवाखाना. औषध घालून सरूबाई डोळे मिटून बसल्या, ज्योत्स्ना भाजीला निघाली, तोच सरूबाईंचा फोन वाजला. त्यांना वाचता येईना, म्हणून हिनेच वाचलं.

"ज्योत्स्नाला घरी घेऊन येणे. कोण करणार: सरूबाई."

ती सासूचा हात धरून तिथंच बसली. भाजी त्या दिवशी राहूनच गेली.